बाबांचा सहावा पडदा

लॉरेल लिक, केंटकी
४ मार्च १९७९

चि. डेन्झिल यास,
मी मोठी आणि तू धाकटा, त्यामुळे आशीर्वाद देणं भाग आहे. दिले.

वि. वि. पत्रास कारण की, एका गंभीर अन्यायाची कुठे तरी लेखी नोंद व्हायला हवी. बाबांच्या मातीच्या दिवशी जेवणं झाल्यावर तुझी मार्लीन माझं केकचं निळं भांडं उरलेल्या केकसकट डेटनला घेऊन गेली. चार महिन्यांनी भांडं पार्सलने परत आलं. झाकण आलं नाही. आज चौदा महिने मी त्या भांड्यावर ताटली ठेवते आणि ताटलीवर दगड ठेवते, कारण नुसती ताटली मांजर उचलतं. भांडं रिकामं आलं त्याबद्दल मी काही बोलत नाही. आपल्या खोऱ्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान मूठभर वाळल्या शेंगा तरी घालतात. पण तुम्ही आता ओहायोची माणसं. तिकडे शेंगा डब्यात उगवत असतील.

आता आईचं. ऑक्टोबरात झटका आल्यापासून ती बोलत नाही आणि उजवा हात उचलत नाही, हे तुला ठाऊक आहे. फोनवर दोन मिनिटांत जेवढं ठाऊक होतं तेवढं. गेले तीन आठवडे तिचा डावा हात गोधडीवर सरकतो. मांडीवर लांब जातो, एका जागी थांबतो, थोडा मागे येतो, पुन्हा जातो. मला वाटलं खाज सुटते. मग एक दिवस भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की बोटांत काडी धरल्यासारखी तिची मूठ आहे. काडी तारेवर सरकवत ती बाबांचं तारवाद्य, डल्सिमर, वाजवते आहे, मांडीवर डल्सिमर नसताना.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की तो हात हीच आता तिची बोली आहे. ज्याने तो हलतो ते तिला द्या, कारण एकदा हलायचा थांबला की आत कुणी आहे की नाही हे आम्हालाही सांगता येणार नाही.

तर ज्या माणसाने चाळीस वर्षांत दोनशेवर डल्सिमर केले त्याच्या घरात आज एकही नाही. भिंतीवर स्वतःचं वाद्य टांगणारा कारागीर म्हणजे ज्याचं वाद्य खपलं नाही तो, असं बाबा म्हणायचे. आता त्यांचंच वाद्य परक्याकडून जुन्या बाजारात विकत घ्यायचं आहे. दोन ठिकाणी असल्याचं कळलं. एक नाक्यावर लव्हेल साइझमोरच्या दुकानात, अक्रोडाच्या लाकडाचा, किंमत एकशे चाळीस डॉलर. दुसरा केनी क्रीकच्या ओमा टॅकेट या विधवा बाईकडे, पॉप्लरचा, पस्तीस. माझ्याकडे लव्हेलपुरते पैसे नाहीत. तुझ्याकडे आहेत. आई तुझीही आहे, असं जन्मनोंदीत आहे.

लोभ शिल्लक असल्यास असू द्यावा. नसल्यास मनीऑर्डर चालेल.
ऑर्लीना


डेटन, ओहायो
११ मार्च

ति. ताईस,
टाइपरायटरवरून नमस्कार.

४ तारखेचं पत्र मिळालं. झाकणाबाबत मार्लीनला विचारलं. तिच्या माहितीनुसार झाकण आमच्याकडे आलंच नाही. तिने असंही विचारलं की तुझ्याकडे लिहायला दुसरा काही विषय असतो का. मी म्हटलं, नसतो.

पैसे मी देतो. पण तुझ्या निवडीवर सोडत नाही. मी कारखान्यात रोज आठ तास लोखंडाची मापं तपासतो आणि केसाएवढी चूक असेल तर माल परत पाठवतो. तू मात्र आयुष्यात बिस्किटांचं पीठसुद्धा मापून घेतलं नाहीस. तेव्हा नीट वाच. बदामाच्या आकाराच्या भोकातून टॉर्च मारून आत पेन्सिलीने नंबर आहे का बघ. खुंट्या लाकडी आहेत की कुणी गिटारीच्या लोखंडी बसवल्या आहेत ते बघ. पाठीवर बोटाच्या पेराने ठोकत जा, जिथे आवाज खरखरीत येईल तिथे सरस सुटलेला असतो. पडदे फक्त पहिल्या तारेखाली असायला हवेत, बाबा आडवे पूर्ण बसवत नसत. शेवटी एकेक पडदा वाजवून बघ. दोन्ही वाद्यांचं सगळं कागदावर लिहून पाठव, म्हणजे मला शेजारी शेजारी ठेवून बघता येईल.

खरं तर हा सगळा खटाटोप एका गोष्टीने वाचला असता. ज्या पट्टीवरून बाबा पडद्यांच्या खुणा करत ती त्यांनी मला देऊ केली होती. ती असती तर मी इथे गॅरेजमध्ये नवा डल्सिमर केला असता आणि पडदे बाबांच्याच मापाने बसवले असते. मातीच्या दिवशी मी पट्टी मागितली तेव्हा ती सरपणात गेली असं तू सांगितलंस. चार पिढ्यांची पट्टी, आणि तू तिच्यावर कॉफी उकळलीस. हे मी विसरलेलो नाही.

आईला सांग मी विचारलं होतं.
डेन्झिल


लॉरेल लिक
२० मार्च

चि. डेन्झिल यास,
आशीर्वाद मागच्याच पत्रातले अजून पुरावेत.

तुझा कागद घेऊन दोन्हीकडे जाऊन आले. आईजवळ शेजारची व्हेस्टा बसली होती, कारण आईजवळ कुणाला तरी बसावं लागतं. तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

लव्हेलने डल्सिमर काचेच्या कपाटात ठेवलाय, खाली मखमल, वर दिवा. बाबा असे निजलेले मी फक्त एकदाच पाहिले. लव्हेल मला सांगायला लागला की आर्विल ब्रॅशिअर म्हणजे या डोंगरातलं केवढं मोठं नाव. मी म्हटलं, ते नाव मी बावन्न वर्षं लावते आहे. मग त्याला आठवण करून दिली की बाबा होते तेव्हा तो त्यांना एका डल्सिमरचे नऊ डॉलर द्यायचा आणि तेही उधारीच्या पिठात वळते करायचा. त्यावर तो म्हणाला की कारागीर गेला की भाव चढतो, आणि तुझा बाप गेला यात माझा काही हात नाही. एवढं बोलून त्याने मला पेपरमिंटची गोळी दिली. मी खाल्ली. त्याच्याकडून सुटेल तेवढं सोडवून घ्यावं.

आत नंबर आहे, एकशे बारा, बाबांच्या हातचा, दोनच्या शेपटीसकट. खुंट्या लाकडी. पाठीला एके ठिकाणी सरस सुटलाय. पडदे पहिल्या तारेखालीच. मग मी वाजवायला बसले. लव्हेलला वाटलं मला वाजवता येणार नाही. आईचं ते गाणं धरलं, चर्चमध्ये वाद्य चालत नाही म्हणून ती ओट्यावर वाजवायची ते. सहाव्या पडद्यावर आले आणि डोळे मिटले. तोच. खुंट्यांच्या बाजूला एक सूत, इंचाच्या आठव्या भागाएवढा, सरकलेला, सूर तेवढाच उतरलेला. पट्टी कोरताना पणजोबांचा चाकू तिथे घसरला, आणि बाबांनी दोनशे वाद्यांत ती घसर इमानाने उतरवली. कुणी चूक दाखवली तर म्हणायचे की पट्टी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, तिला उलट बोलायची माझी टाप नाही. आई ते गाणं त्याच उतरलेल्या सुरात म्हणायची. आपणही तसंच शिकलो.

ओमा टॅकेटकडे वेगळाच थाट. वाजवून दाखवल्याशिवाय ती डल्सिमर विकायला तयार नाही. त्यासाठी आधी तो एप्रनने पुसून मला तिनेच मांडीवर दिला, आणि समोर बसून माझ्या बोटांकडे अशी बघत राहिली की जणू मी तिच्या नवऱ्याच्या खिशात हात घातलाय. तिचा थर्मन बेचाळीस साली आर्विलला डुकराचं पिल्लू देऊन हा घेऊन आला, असं तिने तीनदा सांगितलं. आत नंबर नाही. तो उंदरांनी खाल्ला म्हणे. उंदीर पेन्सिल खातात हे मला नवीन. पण लाकूड छान, आवाज गोड, भेग कुठे नाही. मी गाणं धरलं आणि सहाव्या पडद्यावर सूर अगदी बरोबर लागला.

म्हणजे तो बाबांचा नाही. सुरात आहे, तेव्हा बाबांचा असूच शकत नाही.

हे मी तिला सांगितलं नाही. सदतीस वर्षं नवऱ्याच्या डुकरावर विश्वास ठेवलेल्या बाईला काय सांगायचं. विचार करून कळवते म्हटलं, तर ती म्हणाली की विचार लोक खेचर घेताना करतात. तरी निघताना काकवीची बरणी हातात दिली. मी बरणी परत करीन, आणि रिकामी करणार नाही. याला वळण म्हणतात. मार्लीनला वाचून दाखव.

तेव्हा लव्हेलचाच घे. आणि पट्टीचं पुन्हा काढू नकोस. जळालेलं जळालं.

आईचा हात अजून चालतो, पण आता कमी. सकाळी थोडा वेळच. घाई कर.

ऑर्लीना


डेटन
२ एप्रिल

ति. ताईस,
नमस्कार, आणि सोबत पार्सल.

लव्हेलला पैसे पाठवून डल्सिमर आधी इकडे मागवला. तू घाई कर लिहिलं होतंस, पण न तपासलेला माल मी पुढे पाठवत नाही. पाच दिवस गॅरेजमध्ये त्याच्यावर बसलो. पाठीचा सरस नवा भरला. खुंट्यांना खडू लावला, आता घसरणार नाहीत. तारा नव्या.

शिवाय एक काम असं केलं आहे जे बाबांच्या हयातीतच व्हायला हवं होतं. सहावा पडदा उपटला, जुनी भोकं अक्रोडाचा भुसा आणि सरस घालून बुजवली, घासून सपाट केली आणि पडदा योग्य जागी बसवला. कारखान्याच्या मापकाने तीनदा तपासलं. आता हा आर्विल ब्रॅशिअरचा एकमेव डल्सिमर आहे ज्याला कुणी नाव ठेवणार नाही. जुनी जागा तुला शोधूनही सापडणार नाही, इतकं सफाईचं काम आहे.

आईला माझ्याकडून भेट म्हणून दे. भेट हा शब्द वगळू नकोस.

डेन्झिल


लॉरेल लिक
१३ एप्रिल

डेन्झिल,

वरती काही लिहिलेलं नाही, कारण लिहिण्यासारखं जे मनात येतंय ते पोस्टाने पाठवता येत नाही.

तुझी भेट पोचली. तुझं पत्र मी आधी वाचलं होतं, तरी म्हटलं, एवढ्या तेवढ्याने तिला काय कळणार. आईला उशांना टेकवून बसवलं, डल्सिमर मांडीवर ठेवला, डाव्या हातात काडी दिली. उजवा हात नाही म्हणून मी शेजारी बसून पिसाने तारा छेडायला घेतल्या. तिने काडी तारेवर टेकवली आणि डेन्झिल, तिचा चेहरा असा झाला की मी मान फिरवली.

गाणं धरलं. पहिली ओळ नीट गेली. दुसरीत सहाव्या पडद्यावर आली आणि थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा थांबली. चार वेळा. मग तिने माझ्याकडे पाहिलं, बाजारात भलत्याच बाईने आई म्हणून हाक मारल्यावर बघावं तसं. आणि डल्सिमर मांडीवरून ढकलून दिला. मी धरला म्हणून फुटला नाही.

हे सोमवारी झालं. आज शुक्रवार. तेव्हापासून तिचा हात हललेला नाही. गोधडीवर पडून आहे, हातमोजा पडावा तसा.

तिला वाद्य नको होतं, मूर्खा. तिला तिचं गाणं हवं होतं आणि ते त्या एका सुतात होतं. बाबांना चाळीस वर्षांत जे सुधारायचं सुचलं नाही ते तू पाच दिवसांत सुधारलंस. गेल्या अकरा वर्षांत तीनदा घरी आलास, आणि चौथ्यांदा आला असतास तर माझ्याकडे बघून तुला कळलं असतं की यात हात घालायचा नाही. पण तू मापक घेऊन बसलास.

तो पडदा होता तिथे परत बसव. कसा ते मला विचारू नकोस.

ऑर्लीना


डेटन
१९ एप्रिल

ति. ताईस,
नमस्कार. हे हाताने लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मार्लीननेही वाचलं.

पडदा परत बसवता येणार नाही. जुनी जागा बुजवून घासून टाकली, मीच तशी बढाई मारली होती. एक सूत हे तू अंदाजाने लिहिलंस. ते पाऊण असेल, सव्वा असेल. एवढ्यात चुकलो तर आईला पुन्हा कळेल आणि त्यानंतर ती वाद्याला हात लावणार नाही. बाबांचे बाकीचे डल्सिमर कुठे कुठे गेले देव जाणे, नाही तर त्यांच्यावरून माप घेतलं असतं. पट्टी असती तर पाच मिनिटांचं काम होतं. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. फक्त आहे तसं लिहितो.

मी ते का केलं हे तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. इथे आलो त्या वर्षी, बावन्न साली, चर्चच्या जेवणाला मी बाबांनी दिलेला डल्सिमर वाजवला. सहाव्या पडद्याशी आलो तशी ऑर्गन वाजवणारी बाई अगदी मायेने म्हणाली की बिचाऱ्याचं वाद्य धड केलेलं नाही. सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्याबरोबर, बाबांवर. पुढच्या आठवड्यात मी ते वाद्य विकून टाकलं, आणि बाबांना सांगितलं की बसमध्ये चोरीला गेलं. त्यांनी दुसरं करून देतो म्हटलं. मी नको म्हटलं. पडदा सरकवताना मला वाटत होतं की मी त्या बाईचं तोंड बंद करतोय.

पुढच्या महिन्यात रजा मिळते का बघतो. आईचा हात हलला तर कळव. नाही हलला तरी कळव.

झाकण सापडलं. गॅरेजमध्ये. डल्सिमरचं काम करताना त्यात मीच खिळे ठेवत होतो आणि मला कळलंही नाही. सोबत पाठवतो.

डेन्झिल


लॉरेल लिक
२९ एप्रिल

चि. डेन्झिल यास अनेक आशीर्वाद.

झाकण पोचलं. कोपऱ्यात तुझे तीन खिळे निघाले, म्हणजे कायद्याने रिकामं आलं असं म्हणता येत नाही. हा विषय मी मिटवते. दगड मांजराला खेळायला दिला.

मंगळवारी दुपारी डल्सिमर बाबांच्या शेडमध्ये नेला. तुझा पडदा चिमट्याने उपटला. वाईट वाटून घेऊ नकोस, काम खरंच सफाईचं होतं, जुनी भोकं मलाही दिसली नाहीत. नवी जागा चाकूच्या टोकाने खुणावली, टोच्याने भोकं पाडली आणि बाबांच्याच छोट्या हातोडीने पडदा ठोकला. पाऊण नव्हे आणि सव्वाही नव्हे. एक सूतच होतं. बिस्किटांचं पीठ न मापणारीच्या अंदाजाला एवढा मान द्यावास.

आईच्या मांडीवर ठेवला तेव्हा तिने बघितलंही नाही. मी तिच्या मुठीत काडी खोचली आणि पिसाने नुसतीच तारा छेडत बसले. भांडी राहिली, कोंबड्या राहिल्या. बऱ्याच वेळाने काडी हलली. पहिली ओळ झाली. दुसरीत सहाव्या पडद्यावर आली आणि थांबली, आणि मी डल्सिमर धरायला हात पुढे केला. पण ती ढकलत नव्हती. ती तिथे थांबून ऐकत होती. मग पुढे गेली.

तीनदा पूर्ण वाजवलं. तिसऱ्या वेळी माझं पीस मागे पडलं तर तिने काडीने माझ्या मनगटावर फटका मारला, मी दहा वर्षांची असताना मारायची तसाच. वळ उठलाय. मी व्हेस्टाला दाखवला.

त्यानंतर रोज वाजवते. काल माझ्यावर रुसून एक ओळ मुद्दाम वगळली.

यावरून आपलं जुळलं असं समजू नकोस. तू रजा मिळते का बघतो म्हणालास, बघत बसू नकोस, ये. तुला रागवायला मला समोर माणूस लागतो, पत्रातून नीट होत नाही.

आता पार्सलचं. फडक्यात वाळवलेली सफरचंदं आहेत, मार्लीनला दे, केक कसा करायचा ते तिला येत नसेल तर विचारायला सांग. सफरचंदांच्या खाली पट्टी आहे. ती सरपणात गेली नव्हती. पिठाच्या डब्याच्या मागे होती. मला ती एका दुपारपुरती लागली, आता माझं काम झालं.

मागच्या बाजूला खालच्या टोकाशी बाबांच्या पेन्सिलीने तुझं नाव लिहिलेलं आहे. मातीच्या दिवशी तू मागितलीस तेव्हाही ते मी वाचलेलं होतं.

फडकं परत पाठवायची गरज नाही.

तुझी ताई,
ऑर्लीना